दोन्हीकडे जुळलेला ताळा

रावपुऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात सेव-उसळीची तर्री नाकाआधी डोळ्यांना कळते. रविवारी सकाळी पातेल्यावरचे झाकण निघाले, की लाल, झणझणीत वाफेचा लोट उठतो, बाकावर बसलेल्या सगळ्यांचे चष्मे एका क्षणात पांढरे होतात आणि आम्ही सारे मध्यमवयीन विद्वान काही पळे समदृष्टीला पोहोचतो: कुणालाच काही दिसत नाही. मग रुमाल निघतात, काचा पुसल्या जातात, शेवेचा डोंगर त्या लाल सरोवरात हळूहळू खचू लागतो आणि चर्चेला प्रारंभ होतो. उसळ आमच्याकडची, शेव गुजरातची. पण बडोद्यात दोघींचा संसार इतका सुखाचा झाला आहे, की माहेर कुणाचे आणि सासर कुणाचे हे आता पाव वाढणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

त्या बाकावर आम्ही तिघे ठरलेले. एक हसमुखभाई. त्यांचे चष्म्याचे दुकान चार पावलांवर आहे, त्यामुळे आमच्या वाफाळलेल्या काचांकडे ते धंद्याच्या समाधानाने पाहतात. दुसरे मोहिते, रेल्वेत सिग्नलचे काम बघणारे. जगातल्या कुठल्याही बातमीला ते आधी लाल दिवा दाखवतात. तिसरा मी, अलकापुरीतल्या एका विमा कचेरीत सहा दिवस मौन पाळून सातव्या दिवसासाठी वाणी साठवून ठेवणारा. ज्या रविवारची गोष्ट सांगतो आहे, त्या दिवशी चौथीही होती: माझी मुलगी रेवा, दहावीत नुकती गेलेली. तिला बाहेर पाठवले होते तिच्या आईने. "त्या फॉर्मकडे बघत बसू नको दिवसभर, जा बाबांबरोबर, उसळ खाऊन ये," असे वर्षाने तिला जवळजवळ ढकललेच होते.

फॉर्मचे सांगायला हवे. आमच्याकडे दहावीला गणिताचे दोन प्रकार झाले आहेत, एक बेसिक आणि एक स्टॅंडर्ड. बेसिकची प्रश्नपत्रिका सोपी, स्टॅंडर्डची कसून परीक्षा घेणारी. कुठली द्यायची ते मुलाने आधीच लिहून द्यायचे. सरकारच्या निर्णयांवर तोंडसुख घेणे हा आमच्या बाकाचा मूलभूत अधिकार असला, तरी या निर्णयाचे मी मनापासून कौतुक करतो. एका विषयाच्या धास्तीने शाळा सुटलेली किती माणसे माझ्या पिढीत आहेत! कुणी उत्तम सुतार झाला, कुणी उत्तम गायक, पण मॅट्रिकचा विषय निघाला की अजून मान खाली जाते. अशांच्या मुलांसाठी कुणी एक बाजूचे दार उघडून ठेवले, तर त्यात वाईट काय? माझी तक्रार त्या दाराशी नाही. माझी तक्रार आपल्याशी आहे, की त्या दारावर 'भिणाऱ्यांसाठी' अशी अदृश्य पाटी आपण घरोघरी लावतो आणि ज्याला त्या दाराने जायची गरज नाही, तोही पाटी वाचून तिकडेच वळतो.

रेवाला घरे बांधायची आहेत. लहानपणापासून तिची चित्रे म्हणजे जिने, सज्जे, घुमट आणि खिडकीतून पडलेले ऊन. माझ्या कचेरीतल्या टाकाऊ कागदांच्या पाठीवर तिने इतकी घरे उभी केली आहेत, की त्यांत अख्खा दांडिया बाजार राहायला जाईल. पण वास्तुकलेच्या कॉलेजात जायचे तर बारावीपर्यंत गणित लागते आणि दहावीला बेसिक घेतले की ती वाट जवळजवळ बुजते. हे तिला ठाऊक होते. तरी फॉर्मवर बेसिकच्या चौकोनात तिने पेन्सिलीने एक बारीक खूण केली होती. सोमवारी सकाळी त्यावर पेन फिरवायचे, माझी सही घ्यायची आणि फॉर्म शाळेत द्यायचा. वर्षाचेही मत तेच होते: "रोज संध्याकाळी पोर रडते ते मी बघते. तुम्ही नाही बघत."

तर असा तो रविवार. हसमुखभाईंनी वर्तमानपत्र उघडले आणि बातमी वाचून दाखवली: आता कृत्रिम बुद्धीची यंत्रे गणिताची मोठमोठी कोडी सोडवतात, भल्याभल्या पंडितांना घाम फुटावा अशी. मोहित्यांनी ताबडतोब दिवा लाल केला. "झालं. आता पोरांनी पाढे कशाला पाठ करायचे? पालखी दाराशी आली, आता चालणार कोण?" हसमुखभाई मात्र शांतपणे पाव मोडत म्हणाले, "मोहितेभाई, माझ्या दुकानात डोळ्याचा नंबर आता मशीनच काढते. एकदम बराबर काढते. तरी पण मी गिऱ्हाइकाला विचारतो, हवे केवुं देखाय छे? आता कसं दिसतं? तो 'हां' बोलला, की मगच काच घासायला घेतो."

या एका वाक्यासाठी हसमुखभाईंना कुठल्याही विद्यापीठाने मानाने बोलवावे. मी त्या यंत्रांचा शत्रू नाही, हे तुम्हांला आत्ताच सांगून टाकतो. मला त्यांचे भारी अप्रूप आहे. वाळूतून काच होते आणि त्या काचेतून चंद्र दिसतो, याचे जसे अप्रूप वाटावे तसे. माणसाने आपल्या बुद्धीची एक सावली पाडली आणि ती सावली चालू लागली, यापरते नवल कोणते? पण नवल वाटणे आणि विश्वास ठेवणे यांच्यामध्ये एक छोटा पूल लागतो, आणि तो पूल माझ्याकडे वडिलोपार्जित होता. त्याचे नाव ताळा.

माझे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर पोत्यांची वजने लिहीत. दिवसभर गुणाकार, बेरजा. आणि प्रत्येक उत्तराखाली एक इवलासा आकडा, तो ताळा. पद्धत सोपी आहे. एखाद्या संख्येतले आकडे मिळवत जायचे, एकच आकडा उरेपर्यंत. गुणायच्या दोन संख्यांचे असे दोन आकडे काढायचे, त्यांचा गुणाकार करून त्याचाही एक आकडा करायचा. मग उत्तरातले आकडे मिळवून बघायचे. तोच आकडा आला तर ताळा जुळला, नाही आला तर कुठेतरी माती खाल्ली. आमच्या घरी हा ताळा धर्मासारखा होता. मी शाळेतून आलो आणि उत्तर दाखवले, की वडील मान वर न करता एकच शब्द विचारत: "ताळा?" त्या एका शब्दात माया होती, धाक होता, परंपरा होती. पुढे मी बाप झालो आणि तोच प्रश्न माझ्या तोंडी आला. फरक इतकाच, की वडील तो पुटपुटत आणि मला, मी काय करणार, रंगमंचाचा गळा मिळाला आहे.

तर मोहिते म्हणाले, "जोगसाहेब, होऊन जाऊ दे. तुमचा ताळा विरुद्ध हे यंत्र." दुकानातली आणखी चार डोकी वळली. अशा वेळी माघार घेणारा माणूस मी नव्हे. गुणाकार ठरला: चारशे सत्तावन्न गुणिले त्र्याऐंशी. मोहित्यांनी तो मोबाइलवरच्या तसल्याच एका यंत्राला विचारला, मी वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत मांडला. माझी उसळ निवत होती, पण इतिहास घडत असताना उसळीकडे कोण बघतो? यंत्राने पापणी लवायच्या आत सांगितले, ३७९३१. मी थोड्या वेळाने, सभेकडे एक दृष्टिक्षेप टाकून, जाहीर केले, ३७३९१.

दोन उत्तरे, आणि दोन्ही खरी असणे शक्य नाही. मी पेन उचलले आणि ताळा मोठ्याने वाचत वाचत मांडला. चार, पाच आणि सात सोळा. एक आणि सहा सात. आठ आणि तीन अकरा. एक आणि एक दोन. सात दुणे चौदा. एक आणि चार पाच. आता माझे उत्तर: तीन, सात, तीन, नऊ, एक, बेरीज तेवीस, दोन आणि तीन पाच. इकडे पाच, तिकडे पाच. "जुळला," मी म्हणालो, आणि पेनचे टोपण असे लावले, जसा नाटकात सेनापती तलवार म्यान करतो. रेवा शेजारून हळूच म्हणाली, "बाबा, एक मिनिट..." मी हात वर केला. "थांब गं."

मोहित्यांनी यंत्राला लिहिले, 'तुझे उत्तर चूक आहे. आमच्या जोगसाहेबांनी ताळा घेतला आहे.' आणि काय सांगू तुम्हांला, यंत्राने माफी मागितली. 'लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहे. आपले उत्तर बरोबर आहे, माझ्याकडून चूक झाली.' दुकानात जल्लोष झाला. हसमुखभाईंनी माझी पाठ थोपटली, "आ तो गजब थई गयुं, जोगसाहेब." मोहित्यांनी तिथल्या तिथे आमच्या रविवारच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकले: 'बडोद्याच्या ताळ्यापुढे यंत्र नतमस्तक.' आम्ही घरी निघालो तेव्हा स्कूटर मी चालवत नव्हतो, ती पालखीच होती. मागे रेवा बसली होती आणि तिच्या हातात वर्तमानपत्राचा तो तुकडा होता.

घरी आल्यावर मी वर्षाला विजयकथा सांगायला घेतली. यंत्राच्या माफीपर्यंत पोहोचलो असेन, तेवढ्यात रेवाने तो तुकडा टेबलावर ठेवला. "बाबा, यंत्राच्या उत्तराचाही ताळा जुळतोय."

"कसा जुळेल? ते चूक आहे."

"मिळवून बघा ना. तीन, सात, नऊ, तीन, एक. तेवीस. पाचच येतात." तिने दोन्ही उत्तरांवर बोट ठेवले. "आकडे तेच आहेत हो. नऊ आणि तीन, फक्त जागा बदलल्यात. मग बेरीज कशी बदलणार?"

वाचणाऱ्या मित्रा, पन्नाशीला आलेल्या माणसाच्या आयुष्यात असे क्षण थोडे येतात, जेव्हा पायाखालची फरशी सभ्यपणे बाजूला सरकते. मी मांडणी पाहिली. ऐंशीने गुणून ३६५६०, तिनाने गुणून १३७१, आणि खाली बारीक अक्षरात केलेली बेरीज ३७९३१, अगदी बरोबर. मग सभेला दाखवायचे म्हणून तेच उत्तर मी मोठ्या, डौलदार अक्षरात पुन्हा खाली उतरवले होते आणि त्या डौलात नऊ आणि तीन यांनी खुर्च्या बदलल्या होत्या. माझ्या वडिलांच्या ताळ्याला हे कधीच दिसले नसते. चुकलेल्या आकड्याला तो पकडतो. रांगेत घुसलेल्या आकड्याला तो सलाम करतो. इतकी वर्षे मी ताळा घेतला आणि एकदाही विचारले नाही, की बाबा रे, तुला कुठले दिसते आणि कुठले दिसत नाही? शिवाय यंत्राच्या उत्तराचा ताळा घ्यावा हे मला सुचलेही नव्हते. माझा जुळला म्हणजे त्याचा जुळणार नाही, हे मी गृहीत धरले. सासूसुनेच्या भांडणात एकीचेच ऐकून न्याय करावा तसे.

माणूस हरला की दुसऱ्यावर ढकलतो. मी म्हणालो, "ठीक आहे, पण मग त्या यंत्राने माफी कशाला मागितली? बरोबर होतं ना त्याचं?"

रेवा म्हणाली, "तुम्ही सगळे ओरडलात म्हणून. मीही तसंच करते."

"म्हणजे?"

"तुम्ही 'ताळा?' विचारलंत, की मी खोडते. सरांनी 'नक्की?' विचारलं, की खोडते. मागच्या परीक्षेत तीन उत्तरं आधी बरोबर होती. सर बाकाशेजारी उभे राहिले, मी खोडली."

वर्षाने स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिले. लग्नाला इतकी वर्षे झाली, की तिला बोलावे लागत नाही.

तुम्हीच सांगा, मुलीला गणिताची भीती आहे असे आम्ही ज्याला म्हणत होतो, ती भीती गणिताची होती का? तिला गणित येत होते. तिला उत्तराशेजारी उभे राहता येत नव्हते, आणि ते तिला न येण्याला माझा हा खणखणीत गळा कारण होता. वडिलांकडून मला ताळा मिळाला तो मायेत गुंडाळून. मी पुढे दिला तो नगाऱ्यावर ठेवून. आपण शाळांना दोष देतो, पेपर काढणाऱ्यांना देतो, मोबाइलला तर रोजच देतो. पण बरोबर उत्तर खोडणारी किती मुले आपापल्या घरीच घडत असतील? आणि त्यांच्यासारखेच, आवाज चढला की शरणागती लिहून देणारे एक यंत्र माणसाने बनवावे, यात नवल ते काय? त्याला बोलायला आपल्याच बोलण्यातून शिकवले आहे.

दुपारभर रेवा त्या तुकड्यापाशी बसून होती. तिचा प्रश्न साधा होता: आमचा नेहमीचा, म्हणजे नवाचा ताळा ही चूक पकडत नाही, तर पकडणारा दुसरा कुठला ताळा आहे का? तिने यंत्रालाच विचारले. ते म्हणाले, अकराचा. मग तिने, मला वाटते माझीच नक्कल करत, त्याला दटावले: "नक्की?" आणि ते पुन्हा चाचरू लागले, माफीची भाषा बोलू लागले. रेवा खो खो हसली. इतक्या दिवसांत गणिताच्या कागदावर वाकून हसताना मी तिला पाहिले नव्हते. "याला काही अर्थ नाही, आपणच बघू," ती म्हणाली आणि पेन्सिल घेऊन बसली.

अकराच्या ताळ्यात आकडे नुसते मिळवायचे नसतात. उजवीकडून एक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, पुन्हा एक मिळवायचा. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन आकड्यांनी जागा बदलली, की हिशेब लगेच बोंब मारतो. तिने आधी यंत्राचे पहिले उत्तर तपासले, ते उभे राहिले. मग माझे तपासले, ते धाडकन पडले. तेवढ्यावर ती थांबली नाही. स्वतःच दहाबारा गुणाकार करून, त्यांत मुद्दाम आकड्यांची अदलाबदल करून, प्रत्येक वेळी चूक पकडली जाते का ते तिने पाहिले. चहा होईपर्यंत टेबलावर कागदांचा पाचोळा पडला होता आणि या खेपेस त्यांवर एकही जिना नव्हता. मी खोलीच्या दारात उभा होतो. 'ताळा?' हा शब्द तीनदा ओठांपर्यंत आला. तिन्ही वेळा मी तो चहाबरोबर गिळला. माझ्या कंठाने आयुष्यात केलेले हे सर्वांत मोठे तप असावे.

संध्याकाळी मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिले: 'सकाळची चूक माझी होती, उत्तर उतरवताना नऊ आणि तीन यांची अदलाबदल झाली. यंत्र बरोबर होते. रेवाने पकडली.' मोहित्यांचे उत्तर आले, 'लाल सिग्नल मान्य. पण मग ते आमच्यापुढे झुकले कशाला?' त्याचे उत्तर ग्रुपवर लिहिण्यासारखे नव्हते. हसमुखभाईंनी मात्र फोनच केला. "दीकरीला पुढच्या रविवारी घेऊन या. उसळ माझ्याकडून. अने साहेब, तुमच्या चष्म्याचा नंबर पण बघून घेऊ, नऊ अने तीन बराबर दिसत नाहीत."

सोमवारी सकाळी रेवा दप्तर पाठीला लावून माझ्यासमोर आली आणि फॉर्म पुढे केला. घडी अशी घातली होती, की वरचा भाग आत गेला होता आणि फक्त सहीची ओळ दिसत होती. चौकोन आत होते. घडी उलगडायला एक बोट पुरले असते. ज्याने आयुष्यभर भाजीची पिशवीसुद्धा तपासल्याशिवाय घरात घेतली नाही, त्या माणसाने पेन काढले आणि सही केली. वर्षा मागून म्हणाली, "अहो, चष्मा तरी लावा." मी म्हणालो, "सही करायला कशाला लागतो?" आणि कागद परत दिला. रेवाने एकदा माझ्याकडे पाहिले, नीट, एखाद्या उत्तराकडे बघावे तसे, आणि जिना उतरून गेली.

मी संध्याकाळपर्यंत विचारले नाही. हे वाचायला सोपे आहे, करून बघा. कचेरीत मी तीन वेळा मोबाइल हातात घेतला आणि ठेवला. घरी आलो तर रेवा शिकवणीला गेलेली. वर्षा मेथी निवडत बसली होती. मी समोर बसून काड्या वेगळ्या करू लागलो, आणि मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "स्टॅंडर्ड."

"तुला कसं कळलं?"

"मला दाखवला तिनं. तुम्हांला दाखवला असता, तर तुम्ही वाजवलं असतं अख्ख्या बाजारात." मग थोडा वेळ पाने खुडून म्हणाली, "आणि ऐका. आता रडली, तर तुम्ही बसायचं तिच्याजवळ. मी नाही."

बसेन, मी म्हणालो. आणि खरेच बसतो. ती गणित सोडवते, अडते, चिडते, कधी कधी रडतेही. कारण एका रविवारात कुणाचे जग बदलत नाही आणि स्टॅंडर्डचा पेपर कठीण तो कठीणच आहे. परवा एक उत्तर लिहून तिने वही माझ्याकडे सरकवली. मला ते चुकल्यासारखे वाटले. मी तोंड उघडले, मिटले, आणि शेवटी अगदी खालच्या आवाजात विचारले, आता कसं दिसतं? तिने वही ओढून घेतली, पुन्हा पाहिले, बराच वेळ पाहिले. "बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली, आणि पुढच्या गणिताकडे वळली. मग मी कागद घेऊन तेच गणित स्वतः मांडून बघितले. चूक माझीच होती.